मूत्रपिंड कोणी वाचविले?

ज्या रुग्णालयात शल्ययंत्र, म्हणजे बोलीत ज्याला ‘रोबो’ म्हणतात ते, दाखल झाले, त्या रुग्णालयात कर्करोगाची गाठ असलेले मूत्रपिंड अखंड काढून टाकण्याऐवजी गाठीपुरता भाग छेदून उरलेले राखण्याचे प्रमाण वाढले. यास्तव प्रत्येक मोठ्या रुग्णालयाने हे यंत्र घ्यावे, ज्याने ते घेतले नाही त्याने आपल्या रुग्णांचा अपराध केला असे समजावे, आणि ज्या रुग्णाची ऐपत असेल त्याने यंत्र असलेल्या दारीच जावे, असा एक युक्तिवाद गेली काही वर्षे परिषदांच्या व्यासपीठांवरून, विक्रेत्यांच्या पत्रकांतून आणि आता आपल्याकडील रस्त्याकडेच्या फलकांवरूनही मोठ्या आत्मविश्वासाने मांडला जात आहे. या युक्तिवादाचा पहिला चरण बहुतांशी खरा आहे; दुसरा त्यातून निष्पन्न होत नाही; आणि तिसरा रुग्णाच्या हिताला बाधक ठरण्याचा संभव पुष्कळ आहे. पहिल्या चरणाचे खरेपण पुढे करून उरलेले दोन विनातक्रार पदरात घालण्याची जी हातोटी यंत्राच्या कैवाऱ्यांनी साधली आहे, तिच्याविरुद्ध हा प्रतिवाद आहे.

प्रतिपक्षाची कैफियत प्रथम तिच्या पूर्ण बळानिशी मांडणे न्याय्य होईल. चार सेंटिमीटरपर्यंतची व मूत्रपिंडाबाहेर न पसरलेली गाठ ही या रोगाची सर्वांत लहान पायरी. सोनोग्राफी आणि सीटी यांचा प्रसार झाल्यापासून अशा गाठी पित्ताशयाच्या किंवा पाठदुखीच्या तपासणीत अवचित सापडू लागल्या, आणि पूर्वी लघवीतून रक्त जाऊ लागल्यावर, कुशीत गोळा हाताला लागल्यावर जो रोग ओळखला जाई, तो आता रुग्णाला त्याची गंधवार्ताही नसताना चित्रपटलावर प्रकट होऊ लागला. अशा लहान गाठीसाठी अखंड मूत्रपिंडाचा बळी देण्याचे कारण नाही, गाठ आणि तिच्याभोवतीची निरोगी उतींची एक पातळ कड एवढेच काढावे, हे मत आता सर्वमान्य आहे; अमेरिकन मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2009 च्या मार्गदर्शनपर सूत्रांत त्यावर शिक्कामोर्तबही केले. या क्रियेला आपण अंशच्छेदन म्हणू आणि दुसरीला समूळ छेदन. समूळ छेदनाची किंमत काय असते ते न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग संस्थेतील 662 रुग्णांच्या नोंदींवरून 2006 साली दाखविण्यात आले: शस्त्रक्रियेनंतर तीन वर्षांनी मूत्रपिंडांची गाळणक्षमता धोक्याच्या रेषेखाली, म्हणजे 60 च्या खाली, न गेलेल्यांचे प्रमाण अंशच्छेदनानंतर 80 टक्के होते, तर समूळ छेदनानंतर अवघे 35 टक्के.

या पार्श्वभूमीवर न्यूयॉर्कमधील काही संशोधकांनी अनेक अमेरिकन राज्यांतील रुग्णालयांची दप्तरे तपासली आणि त्यांचा निष्कर्ष 2015 साली ‘मेडिकल केअर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्या रुग्णालयांनी 2001 ते 2004 या काळात रोबो घेतला, त्यांत अंशच्छेदनाचे प्रमाण रोबो कधीच न घेतलेल्यांच्या तुलनेत 2005 साली सुमारे 30 टक्क्यांनी व 2008 साली सुमारे 35 टक्क्यांनी अधिक आढळले. ज्यांनी तो 2005 ते 2008 या काळात घेतला, त्यांत 2008 साली ते सुमारे 15 टक्क्यांनी अधिक होते. आकडे स्वच्छ आहेत, पद्धत सरळ आहे, आणि यंत्र व अंशच्छेदन हातात हात घालून चालतात एवढे त्यातून निर्विवाद दिसते. यंत्राच्या वकिलांना याहून अधिक काय हवे?

परंतु हेच आकडे जरा थांबून वाचावेत. दा विंची हे यंत्र अमेरिकेत विक्रीस मोकळे झाले 2000 साली, आणि पहिली काही वर्षे त्याचा मुख्य उपयोग पुरुषांच्या पुरःस्थ ग्रंथीच्या, म्हणजे प्रोस्टेटच्या, शस्त्रक्रियेत होत होता. त्या यंत्राने मूत्रपिंडाचे अंशच्छेदन केल्याचा पहिला अहवाल 2004 साली आला, आणि त्यात रुग्ण होते तेरा. अर्थात 2005 साली हे कर्म रोबोने करणारे शल्यविशारद बोटांवर मोजण्याइतकेच असणार. तरीही रोबो बाळगणाऱ्या रुग्णालयांत अंशच्छेदनाचे प्रमाण त्याच वर्षी सुमारे तीस टक्क्यांनी वर गेलेले दिसते. जे काम यंत्राने अजून हाती घेतले नव्हते त्याचे श्रेय त्याच्या खाती जमा कसे करावे? सरळ उलगडा असा की, जी रुग्णालये 2004 पूर्वीच असे खर्चिक यंत्र घेण्याइतकी मोठी, शिक्षणसंस्थांशी निगडित आणि विशेषज्ञांनी भरलेली होती, तेथेच अंशच्छेदन जाणणारे हातही होते. यंत्र आणि हात एकाच घरी नांदत होते, म्हणून एक दुसऱ्याचा जनक ठरत नाही.

येथे दप्तराचीही एक खोच आहे, आणि ती मला फार बोलकी वाटते. अमेरिकेतील रुग्णालयांच्या नोंदींत शस्त्रक्रिया रोबोच्या साह्याने झाली हे दर्शविणारा स्वतंत्र संकेतांक ऑक्टोबर 2008 मध्ये अस्तित्वात आला. त्यापूर्वीच्या नोंदींवरून रुग्णालयात यंत्र होते काय हे कळू शकते, रुग्णाचे अंशच्छेदन झाले काय हेही कळू शकते. पण ते यंत्राने झाले की मोकळ्या हातांनी, हे त्या नोंदी सांगूच शकत नाहीत. आता, उशिरा यंत्र घेतलेल्या रुग्णालयांतील वाढीत यंत्राचाही काही वाटा असेल हे मी नाकारीत नाही. 2008 पर्यंत पुष्कळ हात यंत्रावर बसले होते. पण ‘काही वाटा’ या दोन शब्दांवर कोट्यवधींचे खरेदीखत होत नाही.

हे झाले आकड्यांच्या रुजवातीविषयी. खरा प्रश्न याहून जुना आणि अधिक अप्रिय आहे. अंशच्छेदन ही कालची विद्या नव्हे. जर्मनीतील हायडेलबर्ग येथे गुस्ताव झिमोन याने 1869 साली योजनापूर्वक मूत्रपिंड काढले आणि माणूस एका मूत्रपिंडावर जगू शकतो हे सिद्ध केले. त्याच गावी त्याच्या जागी आलेल्या विन्त्सेन्झ चेर्नी याने 1887 साली गाठीसाठी मूत्रपिंडाचा केवळ भाग काढला. पुढे विसाव्या शतकाच्या मध्यास टोरांटोच्या रॉब्सनने सभोवतालची चरबी, अधिवृक्क ग्रंथी व लसग्रंथींसह मूत्रपिंड समूळ काढण्याचा प्रघात पाडला. त्या काळी रोग सापडे तोच मुठीएवढा होऊन, त्यामुळे तो प्रघात सयुक्तिकही होता. परंतु गाठी लहान सापडू लागल्यावरही शिरस्ता मोठ्या गाठीचाच राहिला. क्लीव्हलँडच्या अँड्र्यू नोव्हिक यांच्यासारख्यांनी विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत, कुशीत छेद घेऊन, मूत्रपिंडाभोवती बर्फ घालून, हाताने अंशच्छेदन करून दाखविले, शिष्य तयार केले, रुग्णांचा दहा दहा वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. एवढे सर्व होऊनही, अमेरिकेच्या मेडिकेअर योजनेतील वृद्धांच्या 1992 ते 2007 या काळातील ज्या नोंदी 2012 साली ‘जामा’ या नियतकालिकात तपासल्या गेल्या, त्यांत चार सेंटिमीटरपर्यंतच्या गाठी असलेल्या 7138 रुग्णांपैकी अंशच्छेदन वाट्याला आले 1925 जणांच्या. उरलेल्या 5213 जणांचे अख्खे मूत्रपिंड गेले. दर चौघांत जवळजवळ तिघे.

तेव्हा यंत्र आल्यावर जर खरोखरच अंशच्छेदन वाढले असेल, तर ते यंत्राचे प्रशस्तिपत्र होण्याआधी शल्यविशारदांवरचे दोषारोपपत्र होते. जे कर्म हाताने करता येत होते, ज्याची विद्या उपलब्ध होती, ज्याचे हित सिद्ध होत आले होते, ते एका महागड्या उपकरणाच्या आगमनापर्यंत तहकूब का राहिले, याचा जबाब यंत्राच्या कैवाऱ्यांनी कधी दिलेला नाही. तो जबाब देण्याची सोय त्यांना नाही, कारण खरा जबाब असा आहे की, समूळ छेदन सोपे असते. धमनीला व शिरेला टाके घालून मूत्रपिंड बाहेर घेतले की काम संपले. अंशच्छेदनात रक्तस्रावाची व मूत्रगळतीची धास्ती राहते, आणि नंतरच्या रात्री शल्यविशारदालाही झोप लागत नाही. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात तर असे दिसले की, रुग्णाला कोणती शस्त्रक्रिया मिळेल हे ठरविण्यात गाठीच्या आकारासारख्या रुग्णाच्या बाबींहून शल्यविशारद कोण भेटतो याचाच वाटा मोठा होता. माझ्या मूत्रपिंडाचे भवितव्य माझ्या गाठीने ठरवावे की मी ज्या दारात शिरलो त्या दारामागच्या माणसाच्या सवयीने, हा प्रश्न यंत्राच्या खरेदीने सुटत नाही. एका सवयीच्या जागी दुसरी येते, इतकेच.

या बाबतीत दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा इतिहास विसरून चालणार नाही. 1990 साली सेंट लुईसच्या राल्फ क्लेमन यांनी दुर्बिणीतून पहिले मूत्रपिंड काढले आणि हां हां म्हणता ती पद्धत जगभर गेली. परंतु दुर्बिणीतून अख्खे मूत्रपिंड काढणे जितके जमण्याजोगे होते, तितके दुर्बिणीतून अंशच्छेदन नव्हते. त्यामुळे एक विलक्षण विपर्यास घडला. मोठा छेद आणि राखलेले मूत्रपिंड, किंवा लहान छिद्रे आणि गमावलेले मूत्रपिंड, असा पर्याय पुढे आला तेव्हा पुष्कळांनी, शल्यविशारदांनी आणि रुग्णांनीही, छिद्रे पत्करली. कॅनडातील संशोधकांनी दुर्बिणीच्या या अनपेक्षित परिणामाची नोंद केली आहे. कातडीवरील व्रण दिसतो, आतले मूत्रपिंड दिसत नाही. आणि जे दिसते त्यासाठी जे दिसत नाही ते देऊन टाकण्याचा हा व्यवहार ‘आधुनिक’ या बिरुदाखाली बिनबोभाट चालू राहिला. रोबोने जी कोंडी फोडली असे सांगितले जाते, तिच्यातला बराचसा भाग आधीच्या नव्या उपकरणानेच उभा केला होता.

आता यंत्राच्या पदरात जे गुण खरोखर आहेत ते मोकळेपणाने टाकावेत. अंशच्छेदनाचा कस लागतो तो धमनीवर चिमटा बसल्यापासून. रक्तप्रवाह थांबला की मूत्रपिंडाच्या पेशी गुदमरू लागतात. थंड न केलेल्या मूत्रपिंडाला पंचवीस ते तीस मिनिटांहून अधिक काळ तसे ठेवू नये असा संकेत आहे. तेवढ्या अवधीत गाठ तिच्या कडेसह सोडवायची, मूत्र गोळा करणारी पोकळी उघडली असल्यास ती बारीक धाग्याने शिवायची, तळाशी उघड्या पडलेल्या रक्तवाहिन्यांची तोंडे बांधायची, आणि मग दोन्ही कडा जवळ आणताना धागा मूत्रपिंडाच्या मऊ गरातून फाटून येऊ नये म्हणून प्रत्येक टाक्याच्या टोकाला प्लास्टिकची छोटी चिमटी सरकवीत नेऊन तो ताणायचा. दुर्बिणीच्या सरळ, ताठ, मनगट नसलेल्या दांड्यांनी हे शिवणकाम करणे म्हणजे उदबत्तीच्या टोकांनी मोत्ये ओवण्यासारखे. रोबोच्या दांड्यांना टोकाशी मनगट असते, ते माणसाच्या मनगटाहून अधिक वळते, आणि काही हात दूर आसनावर बसलेल्या शल्यविशारदाला आतले दृश्य खोलीसह व कित्येक पटींनी मोठे दिसते. रक्त कमी जाते, घरी लवकर जाता येते, आणि बरगडीखालच्या त्या लांब छेदानंतर काहींच्या कुशीला कायमचा फुगार येतो तो टळतो. दुर्बिणीपेक्षा या एका कामात हे यंत्र सरस आहे, हे मला मान्य आहे. आणि ज्याला हाताने अंशच्छेदन उत्तम येते त्याच्या हाती ते आले, तर रुग्णाचे भाग्यच म्हणायचे.

पण यंत्र एका कामासाठी घेतले म्हणून त्या एकाच कामाला लागते, असे नाही. इतक्या किमतीची वस्तू, तिच्या वार्षिक देखभालीचा करार, ठराविक वेळा वापरल्यावर यंत्रच ज्यांना नाकारते अशी तिची उपकरणे, हा सारा जमाखर्च तोंडमिळवणीला आणावयाचा तर ती वस्तू रिकामी ठेवता येत नाही. मग जेथे तिची गरज नाही तेथेही ती लागते. अमेरिकेतील 416 रुग्णालयांतील 23,753 समूळ छेदनांचा एक अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. समूळ छेदन म्हणजे जेथे शिवण्याचे नाजूक काम नाहीच, दुर्बिणीने जे सहज होते, आणि ज्यात रोबोच्या मनगटाला फारसे काम उरत नाही. तरीही त्या शस्त्रक्रियांत रोबोचा वाटा 2003 साली दीड टक्का होता तो 2015 साली 27 टक्क्यांवर गेला. गंभीर गुंतागुंतींत फरक पडला नाही. मात्र चार तासांहून अधिक लांबलेल्या शस्त्रक्रिया दुर्बिणीत 25.8 टक्के होत्या त्या रोबोत 46.3 टक्के झाल्या, आणि दर रुग्णामागे रुग्णालयाचा खर्च 16,851 डॉलरांवरून 19,530 डॉलरांवर गेला. मूत्रपिंड तर गेलेच, वेळही गेला आणि पैसाही गेला. पदरात पडले ते यंत्राने शस्त्रक्रिया झाल्याचे समाधान. ‘यंत्र आले की मूत्रपिंडे वाचतात’ असे म्हणणाऱ्यांनी या सत्तावीस टक्क्यांचा हिशेब कोणत्या रकान्यात मांडला आहे?

यावर प्रतिपक्षाचा शेवटचा किल्ला असा: असेल खर्च, असेल थोडा अतिरेक, पण अंशच्छेदनाने माणसे अधिक जगतात, आणि आयुष्यापुढे डॉलरांची मातब्बरी ती काय? येथे पुराव्याचा धागा वाटतो तितका मजबूत नाही. वर सांगितलेल्या मेडिकेअरच्या अभ्यासात अंशच्छेदन झालेले अधिक जगले हे खरे. पण यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे कोणाला काय मिळावे हे चिठ्ठी टाकून ठरविण्याच्या पद्धतीने, झालेल्या एकमेव मोठ्या युरोपीय चाचणीचा निकाल उलट दिशेने गेला. पाच सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींचे 541 रुग्ण त्यात होते. दहा वर्षांनी समूळ छेदन झालेल्यांपैकी 81.1 टक्के हयात होते आणि अंशच्छेदन झालेल्यांपैकी 75.7 टक्के. मूत्रपिंडाची गाळणक्षमता अंशच्छेदनाच्या गटात निःसंशय चांगली राहिली, परंतु डायलिसिसच्या उंबरठ्यावर पोहोचलेल्यांचे प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखेच, दीड टक्क्याच्या आसपास होते. या चाचणीतही दोष काढता येतात व काढले गेले आहेत. रुग्णभरती अपेक्षेहून पुष्कळ कमी झाली होती. तिच्यावरून अंशच्छेदन निरर्थक ठरते असे मी म्हणणार नाही. मात्र यंत्र म्हणजे अंशच्छेदन, आणि अंशच्छेदन म्हणजे आयुष्य, ही साखळी ज्यांनी फलकावर रंगविली आहे, त्यांनी तिची दुसरी कडी पुराव्याच्या कसोटीवर लावलेली नाही, एवढे म्हणण्याचा अधिकार त्या चाचणीने निश्चित दिला आहे.

उलट बाजूने काही जुने शल्यविशारद म्हणतात की, मूत्रपिंडदाते एका मूत्रपिंडावर आयुष्य काढतातच की, मग हा सारा आटापिटा कशाला? त्यांनाही उत्तर द्यावयास हवे. दाता निरोगी म्हणून पारखून घेतलेला असतो. मूत्रपिंडाच्या कर्करोगाचा रुग्ण बहुधा साठीच्या आसपासचा, रक्तदाबाचा, मधुमेहाचा असतो. स्लोन केटरिंगच्या त्या 662 जणांत क्रिएटिनिन नेहमीच्या मर्यादेत असूनही शस्त्रक्रियेपूर्वीच गाळणक्षमता खालावलेले 26 टक्के निघाले. मधुमेहाचे प्रमाण ज्या गतीने आपल्याकडे वाढते आहे ते पाहता, आपल्या रुग्णाच्या बाबतीत राखलेल्या अर्ध्या मूत्रपिंडाचे मोल अधिकच धरावे लागेल.

एक पर्याय दोन्ही पक्ष सोयीस्करपणे विसरतात, तो म्हणजे काहीच न कापण्याचा. चार सेंटिमीटरपर्यंतच्या ज्या गाठी काढल्या जातात त्यांतील साधारण पाचांतील एक कर्करोगाची नसतेच. उरलेल्यांतील अनेक वर्षाला काही मिलिमीटर इतक्या धिम्या चालीने वाढतात. वृद्ध, हृदयविकारी किंवा अन्यथा दुबळ्या रुग्णाच्या बाबतीत ठराविक अंतराने चित्रे काढून गाठीवर नजर ठेवणे, किंवा सुईने तुकडा घेऊन ती कसली आहे हे आधी पाहणे, हे सन्मान्य उपचार आहेत. पण नजर ठेवण्यासाठी यंत्र लागत नाही, त्याचा फलक लागत नाही, त्याचे पॅकेज होत नाही. लहान छिद्रांतून, थोडक्या मुक्कामात, ‘अगदी सहज’ गाठ निघते असे सांगितले गेले की, जी गाठ तशीच राहू दिली असती तीही काढून घ्यावीशी वाटणे हा मनुष्यस्वभाव आहे, आणि त्या स्वभावाचा लाभ कोणाला होतो हे सांगण्याची गरज नाही.

आता आपल्या इलाख्याकडे वळू. मुंबई, पुणे, नागपूर येथील मोठ्या खाजगी रुग्णालयांत हे यंत्र आता नवलाईचे राहिलेले नाही, आणि भारतात तयार झालेले यंत्रही बाजारात आले आहे. त्यामुळे अमेरिकेने वीस वर्षांत केलेली चूक आपण निम्म्या काळात करून दाखविण्याची सर्व सिद्धता झालेली आहे. बीडहून किंवा जळगावहून वडिलांची सीटी घेऊन आलेला मुलगा शल्यविशारदांच्या दहा मिनिटांच्या भेटीनंतर समुपदेशकाच्या टेबलाशी बसतो, तेव्हा त्याच्या पुढे दोन रकान्यांचा कागद येतो: एकात दुर्बिणीचा दर, दुसऱ्यात रोबोचा, खाली खोलीच्या प्रकाराप्रमाणे बदलणारे आकडे. तो थोरल्या काकांना फोन लावतो, काका विचारतात, “चांगलं कुठलं?” आणि उत्तर येते, “रोबो म्हणे लेटेस्ट आहे, काका.” त्या कागदावर एक रकाना नसतो. वडिलांचे मूत्रपिंड राहणार की जाणार, हे त्यावर कोठेही लिहिलेले नसते. आणि रोबोचा दर भरूनही ते जाऊ शकते, ही गोष्ट त्या मुलाच्या स्वप्नातही नसते. घराण्याची जमीन गहाण पडते ती पुष्कळदा या न लिहिलेल्या रकान्याच्या भरवशावर.

विम्याची स्थितीही ध्यानात घ्यावी. विमा नियामक प्राधिकरणाने 2019 च्या निर्देशांनी रोबोद्वारा होणारी शस्त्रक्रिया विम्यातून सरसकट वगळण्यास मनाई केली, हे स्तुत्यच झाले. परंतु तिच्यावर उपमर्यादा घालण्याची मुभा कंपन्यांना ठेवली. परिणामी पाच लाखांचा विमा आहे म्हणून निर्धास्त असलेल्या माणसाला त्या एका बाबीपुरती मर्यादा किती आहे हे कित्येकदा दाखल झाल्यावर कळते. पॉलिसीचा कागद घरी असतो, त्यातील ते कलम वाचलेले नसते.

माझे म्हणणे यंत्र नको असे नाही. माझे म्हणणे असे की, सार्वजनिक पैशाने किंवा धर्मादाय निधीने एखाद्या रुग्णालयाला यंत्र द्यावयाचे असेल, तर आधी त्या रुग्णालयाने गेल्या वर्षी किती लहान गाठी पाहिल्या, त्यांतील किती मूत्रपिंडे राखली, किती समूळ काढली आणि किती गाठींवर केवळ नजर ठेवली, याचा तक्ता मागावा. यंत्र बसल्यावर दरसाल तोच तक्ता पुन्हा मागावा, आणि तो प्रसिद्ध करावा. ज्याच्याकडे यंत्र नाही पण हाताने अंशच्छेदन करणारा कुशल शल्यविशारद आहे, अशा सरकारी महाविद्यालयातील विभागाला आणखी दोन शिष्य, एक चांगली सोनोग्राफी आणि बर्फाची सोय मिळाली, तर त्या पैशात वाचणारी मूत्रपिंडे फलकवाल्यांच्या संख्येला भारी पडतील असे माझे ठाम मत आहे. ज्याला हाताने येत नाही त्याच्या हाती यंत्र देऊन त्याला येईल ही समजूत ज्यांनी पसरविली, त्यांनी प्रथम ती स्वतः सोडावी.

आणि ज्याच्या घरात आज अशी गाठ सापडली आहे त्या वाचकाला एवढेच सांगणे: संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी शल्यविशारदांना विचारा की, मूत्रपिंड राखता येईल काय; येणार नसेल तर गाठीमुळे की पद्धतीमुळे; आणि त्यांनी स्वतः गेल्या वर्षी अशी किती अंशच्छेदने केली. गाठ लहान असेल तर काही आठवड्यांनी बिघडत नाही. दुसरे मत घेण्यास तेवढा अवधी पुरतो. त्यासाठी लागणारी कागदपत्रे देण्यास कोणी टाळाटाळ करीत असेल, तर भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांनी रुग्णाने मागणी केल्यापासून 72 तासांच्या आत ती देणे डॉक्टरांवर बंधनकारक केले आहे.